घाटाखालचा कागद, घाटावरचे ठसे

चित्रकलेच्या तासाला "आपल्या गावाचं चित्र काढा" असं सांगितलं की आमच्या वर्गातली एकतीस मुलं एकच चित्र काढतात. दोन टोकदार डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली निळी नदी, काठावर झोपडी, झोपडीजवळ नारळाचं झाड. तुमच्या घरातली मुलंही हेच काढत असतील. तुम्ही-आम्हीही लहानपणी हेच काढलं. मी अकरा वर्षं खुलताबादच्या उर्दू माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. या गावात अशी निळी नदी मी पाहिलेली नाही, नारळाचं झाडही नाही. आणि आमचे डोंगर टोकदार नाहीत. कुणीतरी सुरीने माथा कापून घ्यावा तसे ते वर सपाट आहेत.

खरं सांगायचं तर याचा मला कधी त्रास झाला नव्हता. बी.एड.ला कलाशिक्षणाचं प्रात्यक्षिक होतं, त्याची वही मी मैत्रिणीकडून पूर्ण करून घेतली होती. माझे विषय उर्दू आणि मराठी. कलेचा तास म्हणजे राहिलेलं इमला तपासायचा तास, असंच माझं बरीच वर्षं चाललं होतं.

मग 2025 चा मार्च आला. रमजान सुरू होता आणि आमच्या गावाचं नाव रोज टीव्हीवर होतं. कशामुळे, ते वाचकांना ठाऊक आहे, मी पुन्हा सांगत नाही. गावात पोलिसांचा बंदोबस्त, टीव्हीवाल्यांच्या गाड्या, रस्त्यावर लोखंडी कठडे. मुलं शाळेत येत होती, पाढे म्हणत होती, घरी जात होती. एक दिवस दुसरीतला एक मुलगा माझ्या टेबलाशी आला आणि अगदी हळू म्हणाला, "टीचर, अपना गाव खराब है क्या?"

मी विचारलं, "कायकू?"

"टीवी में बोल रै."

मी त्याला जागेवर बसायला सांगितलं. दुसरं काही सुचलं नाही. त्याच्या वडिलांचं दर्ग्याच्या वाटेवर फुलांचं दुकान आहे. त्या दिवसांत गिऱ्हाईक नव्हतं, हे मला माहीत होतं.

पुढच्या वर्षी तोच वर्ग तिसरीत माझ्याकडेच आला. तो प्रश्नही माझ्याबरोबर तिसरीत आला, असं म्हणायला हरकत नाही. मुलाला मी काय सांगणार होते? की आपलं गाव चांगलं आहे? ते त्याने माझ्या शब्दावर का मानावं? त्याने गाव स्वतः पाहायला हवं होतं, आणि आमच्या मुलांना गाव पाहायची सवयच नव्हती. त्यांच्या कागदावर कुणा दुसऱ्याचेच डोंगर होते.

पुस्तकात ठसेकाम नावाचा भाग असतो. भेंडी कापायची, रंगात बुडवायची, फुलं छापायची. बटाट्याचं तेच. मी ठरवलं की यंदा ठसेकाम नीट करायचं, पण भेंडी नाही. प्रत्येकाने आपल्या घरापासून दोनशे पावलांच्या आत जे आहे, त्याचाच ठसा करायचा. दोनशे का, तर मुलांना तिथवर मोजता येत होतं.

खुलताबाद न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. शहरातून वेरूळकडे निघालात की पंधरा-सोळा किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला लागतो, पुढे घाट चढला की आमचं गाव. गावाला जुनी तटबंदी आहे, दरवाजे आहेत, नगारखाना आहे. म्हातारी माणसं अजून गावाला रौजा म्हणतात. हजरत निजामुद्दीन औलिया यांचे खलिफा हजरत बुरहानुद्दीन गरीब 1337 साली वारले, त्यांचा दर्गा इथे आहे. हजरत जैनुद्दीन शिराजी यांचा आहे. त्यांच्याच आवारात औरंगजेब बादशहाची उघड्या आभाळाखालची साधी कबर आहे. गावाच्या एका अंगाला मलिक अंबरची कबर आहे. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. आणि गावातच भद्रा मारुतीचं मंदिर आहे. शनिवारी रस्ता भाविकांनी भरून जातो, त्या दिवशी आमच्या निम्म्या पालकांचा धंदा चांगला होतो. टीव्हीवर हे सगळं एका ओळीत कुणी सांगितलं नव्हतं.

ठसा उमटवायला कागद लागतो. साधा ड्रॉइंग पेपर आणला असता तर काम भागलं असतं. पण घाट उतरून दौलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो, आणि मी अकरा वर्षं त्या पाटीवरून एसटीने गेले होते, उतरले कधीच नव्हते.

मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांच्या सह्या, भाड्याची एक बस. नोव्हेंबरातल्या एका सकाळी आम्ही निघालो. घाटाच्या वळणावर दौलताबादचा डोंगर दिसला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, ये तो नोकदार है!" सगळे हसले, मीही हसले. सपाट डोंगरांचं माझं भाषण वर्गात चार वेळा झालं होतं. खरोखर, देवगिरीचा डोंगर शंकूसारखा आहे, फक्त खालचा भाग उभा तासून काढलेला. म्हणजे निदान एक टोकदार डोंगर आमच्या मुलांच्या हक्काचा निघाला.

कागजीपुऱ्याची गोष्ट अशी सांगतात की 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा दफ्तरं आली, मुन्शी आले आणि त्यांच्यापाठोपाठ कागद करणारेही आले. राजधानी परत गेली, कागदवाले राहिले. एका काळी घरोघर कागद होत असे. आता हे काम मोजक्या हातांत उरलं आहे. लग्नपत्रिका, पिशव्या, वह्या यांसाठी थोडी मागणी असते.

आम्ही गेलो त्या कारखान्यातले चाचा फारसे बोलके नव्हते, ते बरंच झालं. मुलांनी बघितलं. कापडाच्या सुती कात्रणांचा ढीग. यंत्रात कुटून कुटून त्यांचा होणारा पांढरा लगदा. तो लगदा पाण्यात सोडलेला हौद. चाचा हौदावर वाकले, जाळीची चौकट पाण्यात तिरपी घातली, आडवी केली, उचलली, जराशी हलवली. पाणी खाली गळून गेलं आणि जाळीवर सायीसारखा थर राहिला. चौकट ओल्या कापडावर उलटी केली आणि उचलून घेतली. खाली कागद होता. अजून ओला, पण कागद. एकतीस मुलं एवढी गप्प मी परीक्षेतही पाहिली नाहीत.

"पहले सन के रस्से, पुरानी गोनियाँ, इनसे बनता था," चाचा म्हणाले. म्हणजे ताग, जुनी दोरखंडं, गोणपाट. जे फाटून निकामी झालं त्याचाच कागद व्हायचा. वाळवायला तो भिंतीला चिकटवत आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे कातिबाची कलम अडकत नसे.

तेव्हा एक मुलगी पुढे आली. वर्गात ती बोलत नाही, हजेरीलाही नुसता हात वर करते. तिने चाचांना विचारलं, "मैं उठाऊँ?" चाचांनी चौकट तिच्या हातात दिली. पहिल्यांदा थर एका बाजूला गोळा झाला. दुसऱ्यांदाही. चाचांनी विचारलं, कुणाची तू? तिने दादीचं नाव सांगितलं. चाचा क्षणभर तिच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "तो तेरे हाथ को आना चाहिए. फिर से कर." तिसरा कागद नीट निघाला. एका कोपऱ्यात जाड होता, पण निघाला. तिची दादी कागजीपुऱ्याची आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मुलीचे वडील टेम्पो चालवतात. शाळेच्या दाखल्यावर एवढंच लिहिलेलं असतं.

बारा मोठे कागद विकत घेतले, शाळेत आणून एकेकाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे केले.

आता ठशांचं. कुणा शिक्षक बंधू-भगिनींना करावंसं वाटलं तर उपयोगी पडेल म्हणून जरा तपशिलात सांगते. लिनोलियम आणि ते कोरायची हत्यारं आमच्याकडे नव्हती, आणि आठ वर्षांच्या मुलांच्या हातात ती द्यायची माझी हिंमतही नव्हती. आम्ही तीन गोष्टी वापरल्या. खाण्याच्या थर्माकोलच्या प्लेटचा सपाट तळ कापून घ्यायचा, त्यावर संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढायची. रंग लावला की दाबलेली रेघ पांढरी राहते, बाकीचं छापलं जातं. दुसरं, जुन्या हवाई चपलेचा तळ. तो मी घरी ब्लेडने कापून द्यायचे, मुलांनी फक्त आकार आखायचा. तिसरं सगळ्यात सोपं: पुठ्ठ्यावर सुतळी, गोणपाट, पॉलिश पेपर, पानं असं काहीही फेविकॉलने चिकटवायचं, एक दिवस वाळू द्यायचं, मग त्यावर रंग फिरवून कागद ठेवायचा आणि वाटीच्या पाठीने घासायचा. रंग म्हणजे पोस्टर कलर आणि त्यात थेंबभर फेविकॉल. तो ब्रशने लावू नका, स्पंजच्या तुकड्याने थोपटून लावा.

पहिल्या दिवशी सगळं फसलं. रंग पातळ झाला, हातकागदाने तो टिपकागदासारखा ओढून घेतला, आणि कमानीच्या जागी डाग उमटले. तीन कागद वाया गेले. मला रडू यायचं बाकी होतं, कारण कागद मोजून आणलेले. त्या रात्री घरी एका तुकड्यावर किती प्रकार करून पाहिले! शेवटी लक्षात आलं की रंग घट्ट हवा आणि कागद आधी ओल्या फडक्यात गुंडाळून जरासा दमट करून घ्यायला हवा. ओल्या कागदावर रंग जास्त पसरेल अशी माझी समजूत होती. झालं उलट. दमट कागद मऊ होतो, ठशाला नीट बसतो, आणि रेघ स्पष्ट येते.

दुसरी फजिती नावांची. मुलांनी थर्माकोलवर उर्दूत आपापली नावं लिहिली आणि छापल्यावर ती उलटी आली. एकच हशा. मग एकाने कागद खिडकीच्या काचेला उलटा लावून पाहिला आणि ओरडला, "इधर से सीधा है!" त्या दिवशीचा तास मी तिथेच सोडला आणि माझ्या नानांची गोष्ट सांगितली. नाना हैदराबादेत एका लिथो छापखान्यात कातिब होते. पिवळा मुलामा दिलेल्या कागदावर खास तेलकट शाईने ते सरळ लिहीत. तो कागद दगडावर दाबला की दगडावर अक्षरं उलटी उमटत, आणि दगडावरून छापलं की पुन्हा सरळ. दोनदा उलटं केलं म्हणून सरळ. कॉम्प्युटर येईपर्यंत उर्दूची वर्तमानपत्रं, पाठ्यपुस्तकं अशीच हाताने लिहून छापली जात. मुलांना दगडावरून पुस्तक छापतात हे खोटं वाटलं. एकीने विचारलं, "नाना का दगड किधर है?" दगड छापखान्याचा होता, नानांकडे फक्त कलम होती. ती मी दुसऱ्या दिवशी नेऊन दाखवली. खिडकीच्या काचेवर नाव उलटं गिरवायला मग सगळ्यांची रांग लागली.

मधल्या काळात एक आजोबा शाळेत आले. सौम्य माणूस. म्हणाले, टीचर, मुलांकडून जिवंत प्राण्यांच्या, माणसांच्या तसविरी करून घेऊ नका. यावर उलेमांमध्ये काय काय मतं आहेत त्यात पडायचा माझा अधिकार नाही, आणि आजोबांशी वाद घालायचं कारणही नव्हतं. मी म्हटलं, चाचा, आम्ही दारं, खिडक्या, पानं, भांडी करतोय. ते बसले, नातवाचं काम पाहिलं आणि त्याला म्हणाले, आपल्या दाराची कडी अशी नाही, तिला खाली एक कडं आहे. नातवाने सुतळीचं एक कडं आणखी चिकटवलं.

एक नियम मीच घातला होता. कुठल्याही जुन्या इमारतीच्या भिंतीला कागद लावून खडू घासायचा नाही, काही उकरायचं नाही, नाव लिहायचं नाही. बघायचं, वहीत काढायचं, परत यायचं. मलिक अंबरच्या कबरीजवळ राहणाऱ्या दोघी बहिणी चार दिवस रोज संध्याकाळी तिथली एक कमान बघून येत होत्या. रोज त्यांच्या वहीतली कमान बदलत होती. पाचव्या दिवशी धाकटी म्हणाली, ऊन वेगळं असलं की ती वेगळी दिसते.

कुणी काय काय आणलं! दादीचं जातं. अंगणातल्या सीताफळाची पानं. दौलताबाद-खुलताबादच्या सीताफळांचं नाव लांबवर आहे, पण पानाच्या शिरा इतक्या सुबक असतात हे मलाही ठशातच कळलं. हातपंप. मशिदीच्या वजूखान्यातले ओळीने नळ. चादरी विकणाऱ्याच्या मुलाने खऱ्या चादरीची झालर चिकटवली. रिक्षावाल्याच्या मुलाने चपलेच्या तळाची रिक्षा केली आणि ती एकापाठोपाठ अकरा वेळा छापली. विचारलं तर म्हणाला, "शनिवार है टीचर, सब मारुती को जा रै." रिक्षात माणूस एकही काढला नव्हता. पुढच्या काचेवर मात्र त्याने झेंडूची माळ काढली होती.

फुलवाल्याच्या मुलाचं काम सगळ्यात शेवटी आलं. त्याने थर्माकोलवर आडव्या-उभ्या रेघा दाबल्या होत्या. मला आधी खिडकी वाटली. तो म्हणाला, खिडकी नाही, कठडा. पोलिसांचा लोखंडी कठडा, त्याच्या दुकानासमोर ठेवलेला. दोनशे पावलांच्या आतला. माझ्या ओठांवर आलं होतं की बाळा, दुसरं काहीतरी कर, फुलं कर, तुझं तर फुलांचं दुकान आहे. गप्प बसले. नियम मीच सांगितला होता, आणि त्याने तो पाळला होता.

त्याने कठडा काळ्या रंगात छापला. छान उमटला, कारण एव्हाना कागद किती ओला ठेवायचा हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळू लागलं होतं. मग त्याने गुलाबी रंगाच्या वाटीत बोट बुडवलं आणि कठड्याच्या पायाशी बोटाचे ठसे उठवायला लागला. एक, दोन, पाच, वीस. काही गजांवर चढले, काही कागदाच्या कडेबाहेर गेले, टेबलावर उमटले. मी विचारलं, हे काय? माझ्या अज्ञानाची त्याला कीव आली असावी. "अब्बा की टोकरी," तो म्हणाला. "शाम को जो बचते, वो वहीच डालते."

जानेवारीत व्हरांड्यात सुतळी बांधून सगळे ठसे चिमट्यांनी लावले. पालक आले, गावातले आणखी काही लोक आले. प्रत्येकजण आपली गल्ली शोधत होता आणि सापडली नाही की भांडत होता. "हमारी बावडी कोई नै बनाया?" असं एका बाईंनी मला दोनदा ऐकवलं. फुलवाल्याने मुलाच्या ठशापुढे उभं राहून बराच वेळ पाहिलं, मग गुलाबी ठिपके मोजल्यासारखं केलं आणि मुलाच्या डोक्यावर टपली मारली. काही बोलला नाही.

त्या न बोलणाऱ्या मुलीची दादी काठी टेकत आली होती. तिने ठशांकडे फारसं पाहिलं नाही. एकेक कागद बोटांच्या चिमटीत धरून पाहिला, कडेवरून बोट फिरवलं. "घोटा नै बराबर," असा निकाल दिला. दुसऱ्या दिवशी नातीच्या हाती फडक्यात बांधलेला एक दगड पाठवला. मुठीत मावेल एवढा, एका बाजूने इतका गुळगुळीत की हात लावला तर पाण्याचा भास होतो. तिच्या सासऱ्याचा हा कागद घोटायचा दगड.

महिनाभर तो माझ्या टेबलावर आहे. दोनदा परत पाठवला, दोन्ही वेळा नातीबरोबर परत आला. दुसऱ्या वेळी निरोपही होता: रहने दो, अगले साल के बच्चों को लगेगा.